घशात अडकलेलं नाव

तबीथानं हातातली झावळी टेबलावर आपटली आणि पदर असा काही खोचला, की मी चहाचा कप उचलून हातात धरला.

"ऐकलंत का, पाळकसाहेब काय म्हणाले ते?"

ऐकलं होतं. ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारची उपासना संपून आम्ही चर्चच्या पायरीवर चपला शोधत होतो, तेव्हा मी तिच्या मागंच उभा होतो. पण मी जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. गाडीत दोन बाया भांडायला लागल्या की कंडक्टरनं खिडकीबाहेर बघायचं असतं, एवढं मला कळतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, रिबेकाताई, यंदा गुरुवारच्या प्रभुभोजनाची पोळी तुमच्या हातची होऊ द्या. तुमच्या आईचं काम, ते लेकीनंच करावं. लेकीनं! मग मी इतकी वर्षं काय वीटभट्टीवर चिखल तुडवत होते?"

"अगं, ते नवीन आहेत. त्यांना काय माहीत?"

"त्यांना नसेल. तुमच्या बहिणीला माहीत होतं ना? तिनं तोंड उघडून सांगायचं होतं की हे माझ्या वहिनीचं काम आहे. नाही सांगितलं. मान खाली घालून 'बरं साहेब' म्हणाली. गरीब गाय!"

रिबेका म्हणजे माझी धाकटी बहीण, रिबू. पुण्याला दवाखान्यात सिस्टर होती. नवरा वारला, नोकरी संपली, मूलबाळ नाही, म्हणून मीच तिला म्हटलं, गावी ये, आईची खोली मोकळीच आहे. आमच्या अंगणापलीकडं ती खोली. नाताळ झाल्यावर ती आली आणि लेंतकाळ लागेपर्यंत माझ्या घरात दोन चुली, दोन देवभक्त आणि मधे मी, अशी परिस्थिती झाली.

लेंत म्हणजे ईस्टरआधीचे आमचे उपवासाचे, मन तयार करायचे दिवस. तबीथा दरवर्षी चहा सोडायची. यंदा पहिल्याच घरसभेत कुणीतरी रिबूला विचारलं, ताई, तुम्ही काय सोडलंत? रिबू हळूच म्हणाली, "साखर. आणि दुपारचं जेवण." झालं! तबीथानं घरी येऊन चहा, साखर, दुपारचं जेवण आणि वर मटण सोडलं. मटण मलाही सोडावं लागलं. मी म्हटलं, माझा काय गुन्हा? तर म्हणाली, "बहीण कुणाची?"

रिबूचा आवाज गोड. गाणं तिनं उचललं की सगळ्या बाया तिच्या मागं. तिची प्रार्थना लांब, शांत, कुणाला डोळ्यांत पाणी आणणारी. तबीथाची प्रार्थना म्हणजे बाजारात भाजी घ्यायला गेल्यासारखी, हे दे, ते दे, आमेन. पूर्वी त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. आता घरसभेहून परतताना ती विचारायची, "माझी प्रार्थना फार आखूड होते का हो?" मी 'नाही' म्हणालो तरी तिला झोप यायची नाही. एकदा पाळकसाहेब सभेत म्हणाले, पोट रिकामं करून काय उपयोग, मन रिकामं करा. तबीथा वाटेत म्हणाली, "बघितलंत, रिबूकडं बघून बोलले." दुसऱ्या दिवशी रिबू अंगणात मला म्हणाली, "दादा, काल पाळकसाहेब वहिनीकडं बघून बोलले रे."

पण पोळीची गोष्ट वेगळी होती. गाणं गेलं, प्रार्थना गेली, ते तबीथानं दातओठ खाऊन सोसलं. पोळी हे तिचं होतं.

प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी पाळक एक पोळी मोडून सगळ्यांना देतात; आमच्या चर्चमध्ये ती आईच्या हातची असायची. साधी, गव्हाच्या पिठाची, बिनखमिराची, बिनमिठाची. पण आई ती जशी मळायची, तशी कुणी मळत नव्हतं. पितळी परात पुढ्यात घ्यायची आणि पिठावर मुठी दाबताना मोठ्यानं नावं घ्यायची. ज्याच्याबद्दल मनात अढी असेल त्याचं नाव. "देवा, भीमाबाईचं भलं कर." एक मूठ. "देवा, त्या ग्रामसेवकाचं भलं कर." दुसरी मूठ. नियम असा, की एखादं नाव घशात अडकलं तर पुढं मळायचं नाही. परातीवर फडकं टाकायचं, उठायचं, त्या माणसाच्या दारात जायचं, आणि मन निवळलं तरच परत पिठाला हात लावायचा. कुरकुर घेऊन मळलेली पोळी प्रभूच्या मेजावर जाऊ द्यायची नाही, असं ती म्हणायची. एका वर्षी भीमाबाईच्या दारात ती दुपारपर्यंत बसली होती, आणि पोळी उपासनेची घंटा वाजताना चर्चमध्ये पोचली.

मग एका गुरुवारी सकाळी आईनं परात तबीथापुढं सरकवली. म्हणाली, "आता तू मळ. माझी मनगटं दुखतात." तेव्हा आमच्या लग्नाला दोन-तीन वर्षंच झाली होती. तेव्हापासून पोळी तबीथाची. तीही नावं घेत मळायची. मी ओसरीवर पेपर धरून ऐकायचो. पहिलं नाव दरवर्षी माझं. अर्थात माझं नाव ती देवापुढंही घेत नाही. "ह्यांचं भलं कर," म्हणते, आणि त्या मुठीला जरा जास्तच जोर असतो. रिबूचं नावही असायचं त्यात. सहज यायचं आणि जायचं. पुण्याला राहणाऱ्या माणसाचं भलं मागायला काय जातं?

सोमवारी सकाळी रिबू दारात आली.

"वहिनी, आईची परात देतेस का?"

"घासायला काढलीय."

मंगळवारी ती परत आली. "वहिनी, परात?"

"कल्हईला दिलीय, रिबूताई. तुम्ही बसा ना, चहा टाकू? अगं बाई, तुम्ही साखर सोडलीय नाही का!"

परात माझ्या खाटेखाली होती. दोन रात्री मी तिच्यावर झोपलो, कूस बदलली की ती वाजायची. बुधवारी मी पाळकसाहेबांना गाठलं. बिचारे घाबरले. म्हणाले, "मला काही माहीत नव्हतं हो. तुम्ही घरात ठरवा. फक्त मेजावर पोळी एकच येऊ द्या. दोन आल्या तर मी काय करू?"

मी घरी येऊन दोघींना अंगणात बोलावलं आणि म्हटलं, ठरवा.

रिबू म्हणाली, "दादा, मी आयुष्यात काही मागितलं नाही. आईनं मला शिकवायच्या आधी मी घर सोडलं. एकदा तिच्या परातीत हात घालू दे मला. मी तिची लेक आहे."

"लेक आहात ना?" तबीथा म्हणाली. "मग ती अंथरुणात होती तेव्हा कुठं होतात? तिचं करताना माझे हात चालले. आता प्रभूच्या पोळीला लेकीचे हात पाहिजेत होय?"

"मला रजा मिळत नव्हती, वहिनी. तुला माहीत आहे."

"मला सगळं माहीत आहे," तबीथा म्हणाली आणि आत गेली. ते 'सगळं' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

गुरुवारी सकाळी तिनं माझ्या खाटेखालून परात ओढली. न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून, चुलीपुढं बसली. मी नेहमीसारखा ओसरीवर पेपर धरला.

"देवा, ह्यांचं भलं कर." धप्प.

"देवा, पाळकसाहेबांचं भलं कर. पोरगं आहे, कळत नाही त्याला." धप्प.

"देवा, दूधवाल्याचं भलं कर."

मग थांबली. मी पेपर खाली केला. तिच्या मुठी पिठात होत्या आणि तोंड उघडं होतं. "देवा," ती म्हणाली. परत म्हणाली, "देवा." मग तिनं माझ्या चुलतभावाचं नाव घेतलं, ज्याच्याशी तिचं कधी वाकडं नव्हतं. मग परत थांबली. अंगणापलीकडं रिबू गाणं म्हणत होती, आणि ते गोड ऐकू येत होतं.

"मेली गातेय कशी बघा," तबीथा पुटपुटली, आणि लगेच पिठातले हात काढून तोंडावर धरले. कपाळभर पीठ झालं. मी आत गेलो. म्हटलं, "अगं, नुसतं नाव तर घ्यायचंय."

"तुम्हाला काय जातंय सांगायला! पुण्याला होती तेव्हा घ्यायचे. आता रोज डोळ्यांपुढं आहे. तिचं भलं कर म्हणायचं? आणखी किती भलं करायचं? गळा तिला, विद्या तिला, बाया तिच्या मागं, पाळकसाहेब तिच्या मागं. आणि..."

"आणि काय?"

तिनं परातीवर फडकं टाकलं, परात कमरेवर घेतली आणि अंगणात उतरली. मी मागोमाग. मला वाटलं, चला, बाई निघाली माफी मागायला. माझ्या बायकोला मी अजून ओळखत नव्हतो.

रिबू दारातच तांदूळ निवडत होती. तबीथानं परात तिच्यापुढं धाडकन ठेवली.

"घे. मळ. तुला पाहिजे होतं ना?"

जन्मात पहिल्यांदा ती रिबूला 'अगं-तुगं' करत होती. रिबू उठून उभी राहिली.

"असं नको, वहिनी. रागानं देऊ नकोस."

"रागानंच देणार. राग असला की मळता येत नाही, हे तुझ्या आईनंच शिकवलंय. मला सांग, आईनं परात मला का दिली?"

"तिची मनगटं दुखत होती. दादानं पत्रात लिहिलं होतं."

"दादाला काय कळतं! तिच्या मनगटाला काही झालं नव्हतं. अंथरूण धरेपर्यंत विहिरीचं पाणी शेंदलं तिनं. तू न सांगता, न विचारता पुण्याला लग्न करून मोकळी झालीस ना? त्या साली दिली. भल्या सकाळी पिठापुढं बसली होती. मी चूल पेटवायला गेले तर नुसती बसलेली. मला म्हणाली, पोरीचं नाव घशात अडकतंय. तिच्या दारात जायला पाय उचलत नाही. माझं मन निवळेपर्यंत तू मळ."

रिबूच्या हातातलं सूप खाली आलं. तांदूळ सांडले, ते कुणी बघितलं नाही.

"पण मी आले होते," ती म्हणाली. "दिवाळीत आम्ही दोघं आलो होतो. तिनं मला साडी नेसवली. बांगड्या भरल्या. माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं..."

"साडी कुणालाही नेसवतात. दर गुरुवारी मी तिला विचारायचे, आई, आता मळता का? दरवर्षी! ती परातीशेजारी पाटावर बसायची, पिठाकडं बघायची आणि मान हलवायची. मरेपर्यंत मान हलवली तिनं."

माझ्या घरात, माझ्या नाकासमोर हे चाललं होतं आणि मी पेपर वाचत होतो! मला बायकोचा राग आला, की हे आज, असं, या बिचारीच्या तोंडावर का फेकावं? म्हणालोही, "तबीथा, पुरे. जिंकलीस तू."

ती माझ्याकडं वळली. रडत होती.

"जिंकले? कसली जिंकले? तुमच्या आईची अंघोळ मी घातली. तिचे केस मी विंचरले. एका शब्दानं मला कधी रागावली नाही ती. दूध ऊतू गेलं, तरी म्हणायची, जाऊ दे पोरी. पाहुण्याला म्हणतात ना, जाऊ द्या, तसं! आणि हिच्यावर? हिच्यावर इतका राग, की देवाचं काम सोडून दिलं. इतकी वर्षं हिचं नाव घशात घेऊन बसली बाई. माझं नाव कधी कुणाच्या घशात अडकेल का? माझं नाव तर तिच्या तोंडीसुद्धा नव्हतं मळताना. मी लपून ऐकलंय. सगळ्या गावाची नावं असायची, माझं नसायचं."

कोंबड्या येऊन सांडलेले तांदूळ टिपायला लागल्या.

रिबू खाली बसली. परातीवरच्या फडक्याच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. मग म्हणाली, "वहिनी, मला तुझा हेवा वाटायचा गं. आईच्या शेवटच्या घोटाचं पाणी तुझ्या हातचं होतं म्हणून. परात तुझी म्हणून. मला वाटायचं, आईनं लेकीला काढून सुनेला आत घेतलं."

"आणि मला वाटायचं, मी नुसती जागा धरून ठेवलीय," तबीथा म्हणाली. "एसटीत रुमाल टाकून ठेवतात तशी."

ती नाक पुसून रिबूशेजारी टेकली. मी म्हटलं, बरं झालं, निवळलं. मळा आता कुणीतरी, ऊन डोक्यावर आलंय.

"मी नाही मळणार," रिबू म्हणाली. "मला आता आईचा राग आलाय. साडी नेसवली, तोंडावरून हात फिरवला आणि मनात ठेवलं. मला एकदा शिवी द्यायची होती तिनं! आता मी काय करू? नियम काय आहे, ज्याचं नाव अडकेल त्याच्या दारात जायचं. मेलेल्या माणसाच्या दारात कसं जायचं, दादा?"

"मीही नाही," तबीथा म्हणाली. "माझं अजून पुरतं निवळलेलं नाही. खोटं कशाला बोलू, आजच्या दिवशी?"

दोघींनी माझ्याकडं बघितलं.

"मी?" मी म्हणालो. "मी जन्मात कणीक मळलेली नाही."

"तुमच्या मनात कुणाबद्दल काही आहे का?"

"नाही बुवा."

"मग बसा."

बसलो. मांडी घालून, बाह्या सावरून, आईच्या परातीपुढं. बोटांना पीठ असं चिकटलं, की सोडवता सोडवेना. डाव्या कानाशी तबीथा, उजव्या कानाशी रिबू.

"नावं घ्या," तबीथा म्हणाली. "त्याशिवाय चालत नाही."

मी डेपो मॅनेजरचं नाव घेतलं, ज्यानं मला एकदा विनाकारण निलंबित केलं होतं. त्याचं भलं मागताना जरा जड गेलं, पण गेलं. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याचं घेतलं. मग आणखी कुणाचं घ्यावं म्हणून आठवायला लागलो, आणि मुठी थांबल्या.

"काय झालं?" रिबूनं विचारलं.

काय सांगणार? दोघी आईसाठी भांडत होत्या. एकीला आईनं राग दिला होता, दुसरीला काम. आणि मी? मी तिचा थोरला मुलगा, शेवटपर्यंत तिच्याच घरात राहिलेला. कुणी माझ्याबद्दल विचारलं, की 'शांतवनचं काही नाही, तो चांगला आहे,' असं म्हणून ती विषय संपवायची. मला कधी काही सांगितलं नाही. मनगटं दुखतात म्हणाली, मी मानलं. खोटं का मानलंस म्हणूनही कधी रागावली नाही. सुनेला पोटातलं सांगितलं, मला मनगटं सांगितली! आणि मी हसत होतो त्या दोघींना.

"आई," मी म्हणालो. मी परत म्हणालो, "देवा, आईचं भलं कर."

तबीथा चमकली. "अहो, गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत आपल्यात. पाळकसाहेबांना कळलं तर..."

"करू दे त्याला," रिबू म्हणाली. तिनं बांगड्या वर सारल्या आणि परातीत हात घातला. "देवा, माझ्या आईचं भलं कर." तिची मूठ माझ्या मुठीवर पडली. चांगलीच लागली.

आम्ही दोघं तसेच मळत राहिलो. तबीथा बघत बसली. मग तिला राहवेना. "पाणी किती घातलंत! अशी होते का पोळी? सरका." आणि तिचेही हात आत आले.

पोळी चामड्यासारखी झाली. संध्याकाळी मेजापुढं उभं राहून पाळकसाहेबांनी ती मोडायला घेतली, तर मोडेना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, कपाळावर घाम आला. शेवटी वडीलधाऱ्या एका पंचानं धरली आणि दोघांनी मिळून ओढली. आमच्या बाकावर मी मधे, एका बाजूला बायको, एका बाजूला बहीण. सगळी मंडळी माना खाली घालून चावत होती.

तबीथा माझ्या कानाशी लागली. "रिबूचं नाव मी घेतलं, मळताना. शेवटी. ऐकलंत का?"

"नाही."

"मनात घेतलं. अजून मोठ्यानं येत नाही."

पुढच्या वर्षीपासून पोळी रिबू करते. परात तबीथाच नेऊन देते आणि शेजारी पाटावर बसते, आई बसायची तिथं. पाणी जास्त झालं, तवा तापला नाही, मीठ तर नाही ना टाकलंस, हे सगळं चालू असतं. रिबू तिचं नाव सर्वांत आधी घेते, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं, आणि त्या मुठीला भरपूर जोर असतो. पहिल्या वर्षी ते ऐकून तबीथा घरी आली ती हसत आली. मी विचारलं, काय झालं?

"अडकलं होतं हो," ती म्हणाली. "माझं नाव तिच्या घशात अडकलं होतं. काल दोनदा माझ्या दारात येऊन गेली बाई, तेव्हा कुठं आज निघालं."